प्रेक्षकाचा जाहीर लिलाव

चित्रपट फुकट पाहण्याचे जे सनदशीर व बेसनदशीर मार्ग आमच्या पिढीला ठाऊक होते, त्यांत जत्रेतल्या तंबूच्या कनातीखालून सरपटत आत शिरणे, डोअरकीपरशी एखाद्या दूरच्या मावशीच्या जावेमार्फत का होईना पण नाते जोडणे, आणि गणेशोत्सवात चौकात ताणलेल्या पडद्याच्या पाठीमागे बसून, सर्व नायक डावखुरे आणि सर्व पाट्या उलट्या पाहण्याची तयारी ठेवून, अखेरपर्यंत चित्रपट निर्धास्तपणे पाहणे, हे तीन मार्ग विशेष लोकप्रिय होते. तिन्हींत एक न्यून मात्र समान होते. आपण फुकट पाहत आहोत ही जाणीव पाहणाऱ्याला तीन तास सोडीत नसे. आणि त्या जाणिवेने कोणाच्या रसास्वादात व्यत्यय आल्याचे ऐकिवात नसले, तरी चित्रपट संपल्यावर उजळ माथ्याने बाहेर पडता येत नसे एवढे खरे.

हल्ली ही अडचण समूळ नाहीशी झाली आहे. ज्यांच्या पदरी चित्रपटांची कोठारेच्या कोठारे आहेत ते धनी आता स्वतःच दारात उभे राहून, तिकीट नको, वर्गणी नको, पुष्कळदा नावगावही नको, फक्त या आणि बसा, अशी विनवणी करीत आहेत. अमेरिकेत २०१४ साली प्लूटो टीव्ही आणि टुबी अशी दोन विनामूल्य चित्रगृहे इंटरनेटवर उघडली. त्यांतले पहिले २०१९ साली व्हायकॉमने ३४ कोटी डॉलरना खरेदी केले, आणि दुसरे पुढच्याच वर्षी फॉक्सने ४४ कोटी डॉलर मोजून आपल्या ताब्यात घेतले. धार्मिक वृत्तीच्या माणसाने अन्नछत्र घालावे हे समजण्याजोगे आहे. परंतु चालते अन्नछत्र विकत घेण्यासाठी दुसरा कोणी थैल्या घेऊन येतो, आणि त्याच्या मागे तिसरा त्याहून मोठी थैली घेऊन दुसऱ्या अन्नछत्राकडे वळतो, तेव्हा पंक्तीत बसलेल्यांनी पानावरून मान वर करून, येथे नक्की काय शिजत आहे आणि कोणाचे, याची थोडी चौकशी करणे शहाणपणाचे ठरते.

टुबीवाल्यांच्या कल्पकतेला दाद द्यावी असा एक प्रसंग मात्र येथे सांगितला पाहिजे. २०२३ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेचा वार्षिक राष्ट्रीय उत्सवच म्हणावा असा सुपर बोलचा सामना ऐन रंगात आला असताना, त्यांनी पंधरा सेकंदांची एक जाहिरात दाखवली. ती इतकी बेमालूम होती की, सामना एकाएकी नाहीसा होऊन पडद्यावर टुबीचे मुखपृष्ठ उघडले आहे आणि घरातलेच कोणी रिमोट हाती घेऊन चित्रपट निवडू लागले आहे, असा भास पाहणाऱ्यांना व्हावा. त्यासरशी देशभरच्या दिवाणखान्यांत, रिमोटवर कोण बसले आहे याची झडती सुरू झाली. जाहिरातींवर उपजीविका करणाऱ्या संस्थेने स्वतःच्या जाहिरातीसाठी सबंध राष्ट्रात गृहकलह माजवावा, हे व्यवसायनिष्ठेचे उदाहरण म्हणून कोणत्याही वाणिज्य महाविद्यालयात शिकवण्याच्या योग्यतेचे आहे.

आपल्याकडे या पंथाची दीक्षा बहुतेकांनी यूट्यूबपासून घेतली, आणि तिचा विस्तार एमएक्स प्लेअरने केला. हे दुसरे गृहस्थ मूळचे मोबाइलवर चित्रफिती चालवून दाखवणारे एक साधे साधन. २०१८ साली टाइम्स इंटरनेटने ते घेतले, २०१९ साली त्यावर फुकट मालिका व चित्रपट सुरू झाले, आणि २०२४ साली ते अ‍ॅमेझॉनच्या वाड्यात नांदायला गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात, गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा मुहूर्त साधून, प्रसारभारतीनेही 'वेव्हज' नावाचे आपले सरकारी दुकान मांडले. याखेरीज दाक्षिणात्य चित्रपट हिंदीत आणून सोडणाऱ्यांचा एक स्वतंत्र संप्रदाय आहे. त्यांच्या भांडारात ज्याचा पहिला भाग कधी निघालाच नाही अशा चित्रपटाचा दुसरा भाग सर्रास सापडतो, आणि तो पाहून पहिल्या भागाची उणीव कोणालाही भासत नाही.

आता या औदार्याचा खर्च भागतो कसा? पाहणाऱ्याने चित्रपटावर बोट टेकवले की पडद्यावर एक लहानसे वर्तुळ गरगरू लागते, आणि तो बापडा नेटच्या नावाने खडे फोडीत छताकडे पाहत बसतो. परंतु त्या वर्तुळाच्या एकाच गिरकीत, म्हणजे सेकंदाच्या सुमारे दहाव्या हिश्शात, त्याच्या नकळत त्याचा जाहीर लिलाव होऊन गेलेला असतो. सदरहू इसम अमुक शहरी राहतो, अमुक किमतीचा फोन वापरतो, मराठी वाचतो, रात्री अकरानंतर जागा असतो, वयाने अंदाजे अमुक ते अमुक यांच्या दरम्यान आहे आणि गेल्या आठवड्यात त्याने वॉशिंग मशीनच्या किमती चाळल्या पण घेतले काही नाही, इतका मजकूर पुकारला जातो, आणि दूरदूरच्या यंत्रांत बसलेले व्यापाऱ्यांचे अदृश्य गुमास्ते त्यावर बोली लावतात. केशतेलवाला असतो, सदनिकावाला असतो, झटपट कर्ज देणारा असतो. पूर्वी ऑनलाइन रमीवालाही असे, आणि तो इतका सढळ हाताने बोली लावी की इतरांना वाव मिळत नसे. परंतु २०२५ साली सरकारने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली तेव्हापासून हा उमदा प्रतिस्पर्धी बाजारातून उठला. ज्याची बोली सरस, त्याच्या हवाली आपले पुढचे तीस सेकंद केले जातात. हातोडा पडतो, वर्तुळ थांबते, आणि ज्याला आपण चित्रपटाचा आरंभ समजत होतो तेथे एक प्रसन्न मुद्रेची तरुणी आपल्याला दाढदुखीबद्दल प्रश्न विचारते.

गुलामांचे बाजार बंद होऊन पुष्कळ काळ लोटला असला, तरी आपण विकले गेलो या बातमीने स्वाभिमानी माणसास जो विषाद व्हावा तो मला झाला नाही हे मी कबूल करतो. उलट माझी पहिली प्रतिक्रिया, केवढ्याला, ही होती. आणि तेथेच निराशा पदरी आली. या बाजारात एकट्यादुकट्या प्रेक्षकाचा भावच निघत नाही. भाव सांगतात तो हजाराचा. मोगल अमदानीत पंचहजारी मनसबदार असत आणि त्यांच्या मागेपुढे चोपदार धावत. आमच्या वाट्याला हजारी हा शब्द आला खरा, पण तो हजारांतला एक या अर्थाने. त्यातही मराठी वाचणारा, मध्यमवयीन, वस्तू निरखून पाहणारा आणि विकत न घेणारा प्रेक्षक हा माल व्यापाऱ्यांच्या दृष्टीने किती हलक्या प्रतीचा गणला जात असेल याचा तर्क, एका चित्रपटात एकच जाहिरात वारंवार दाखवली जाते तेव्हा, सहज करता येतो. कारण त्याचा सरळ अर्थ असा की त्या रात्री आपल्यावर बोली लावणारा तो एकच भला माणूस बाजारात उरला होता. याहून अवघड प्रसंगही येतात. जाहिरातीची वेळ होते, चित्रपट थांबतो, आणि जाहिरातीऐवजी 'काही क्षणांत परत येत आहोत' अशी पाटी मंद वाद्यसंगीतासह निश्चल उभी राहते. इतर लोक त्या अवकाशात पाणी पिऊन येतात. मी मात्र त्या पाटीकडे टक लावून पाहत, आज आपल्याला कोणीही घेतले नाही, ही गोष्ट मनाशी रिचवीत बसतो.

या लिलावात आपल्याबद्दलचा जो अभिप्राय गृहीत धरलेला असतो तो कुटुंबातल्या कोणी तोंडावर सांगण्याचे धाडस केले नसते. पन्नाशीपर्यंत मोटारी, पर्यटन आणि दाढीचे साबण यांनी माझा पिच्छा पुरवला. आणि नंतर एके दिवशी, कोणतीही पूर्वसूचना न देता, गुडघ्याचे तेल सुरू झाले. माझे गुडघे त्या वेळी निर्दोष होते. परंतु यंत्र माणसाकडे एकटा माणूस म्हणून पाहतच नाही. त्याच्यासारखे वागणारे दुसरे जीव कोठे आहेत हे शोधून, त्या दुसऱ्यांनी जे केले तेच हाही करणार असे ते धरून चालते. सुहास शिरवळकरांच्या 'समांतर' या कादंबरीवर आधारलेली मालिका २०२० साली एमएक्स प्लेअरवर विनामूल्य आली. तीत कुमार महाजन नावाच्या तरुणाला असा शोध लागतो की, आपण जे आयुष्य जगत आहोत ते सुदर्शन चक्रपाणी नावाच्या एका गृहस्थाने आधीच जगून टाकले आहे. लोकांनी ती अद्भुत कथा म्हणून पाहिली. त्याच कथेच्या मधोमध, कोणा अज्ञात चक्रपाणीच्या गुडघ्यांवरून आमच्या गुडघ्यांचे भविष्य वर्तवणारी जाहिरात लागत होती, तिला अद्भुत म्हणावे असे मात्र कोणास वाटले नाही. अधिक काय सांगावे, आता माझे गुडघे खरोखरच दुखतात.

येथवर झाले ते अर्थशास्त्र. खरी गंमत रसशास्त्राच्या प्रांतात आहे. प्रभातचा 'संत तुकाराम' मी एका विनामूल्य ठिकाणी पाहत होतो. दामले-फत्तेलालांचे १९३६ चे ते चित्र, ज्याला पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव लाभला. विष्णुपंत पागनीसांची ती भोळीभाबडी तंद्री, आणि तिला पुरून उरणारी गौरी यांची जिजाई. मूल आजारी आहे, घरात दाणा नाही, नवरा टाळ कुटतो आहे, आणि ती संतप्त माउली पोराला फरफटत, हातात वहाण घेऊन, थेट देवळात शिरते. आता एक तर पांडुरंगाची धडगत नाही किंवा आपली तरी नाही अशा बेताने आपला श्वास अडकतो, तोच पडद्यावरचे देऊळ लोपले आणि कोट घातलेला एक इसम म्हणाला की पाच मिनिटांत कर्ज मिळेल, तारण नको, कागदपत्रांची कटकट नको. तुकोबांनी वडिलार्जित सावकारीची खते धाकट्या भावाशी निम्मी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, ही कथा महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कागदपत्रांची कटकट मिटवण्याचा त्याहून मूलगामी उपाय आजवर कोणत्याही वित्तसंस्थेला सुचलेला नाही. परंतु कोटवाल्याला त्याचे काय? त्याने व्याजाचा दर अत्यंत बारीक अक्षरात आणि अत्यंत जलद वाचून दाखवला आणि तो निघून गेला. देऊळ परत आले तेव्हा जिजाईची वहाण तेथेच होती. ढळले होते ते माझे लक्ष, कारण बारीक अक्षरांतला तो आकडा अठरा होता की अठ्ठावीस याचा मी विचार करीत होतो.

नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत अभिनवगुप्तांनी रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. आमच्या स्नेह्यांतील एका संस्कृतज्ञाचे म्हणणे असे की, जाहिरात हे आठवे विघ्न मानून त्या यादीत दुरुस्ती करावी. मला ते मान्य नाही. हजार वर्षांपूर्वीच्या त्या काश्मिरी पंडिताने निजसुखादिविवशीभाव म्हणून जे विघ्न सांगितले, म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्या घरगुती सुखदुःखांच्या इतके अधीन होणे की पडद्यावरच्या सुखदुःखाशी त्याचे तादात्म्यच होऊ नये, त्यात जाहिरातीचा संपूर्ण समावेश होतो. गळणारे केस, थकलेला हप्ता, मुलीच्या शिकवणीची फी, दुखरी दाढ, म्हणजे ज्या गोष्टी विसरण्यासाठी माणूस चित्रपटाकडे वळतो नेमक्या त्याच गोष्टींची उजळणी जाहिरात करून देते. अभिनवगुप्तांपुढे हे विघ्न आपोआप उद्भवणारे होते. आता ते बोली लावून विकत घेता येते, एवढाच काय तो फरक.

आणि ही विघ्ने कोठे आणावीत याचेही आता शास्त्र बनू लागले आहे. पूर्वी यंत्र घड्याळाकडे पाहून सुरी चालवीत असे. वाक्याच्या मध्यावर, तानेच्या मध्यावर, प्रसंगी शिंकेच्या मध्यावर चित्रपट तोडला जाई, आणि त्यात एक प्रकारची निरागसता होती. २०२५ च्या मे महिन्यात यूट्यूबने जाहिरातदारांपुढे अशी योजना मांडली की, कृत्रिम बुद्धीच्या साह्याने चित्रफितीतला प्रेक्षक सर्वाधिक गुंतल्याचा क्षण हुडकून काढावा आणि जाहिरात त्याच्या लगत पाठोपाठ सोडावी. भरतमुनींपासून पुणे विद्यापीठापर्यंत ज्या प्रश्नावर पंडितांत एकमत झाले नाही, म्हणजे रसनिष्पत्ती नेमकी केव्हा होते, त्याचा निकाल अखेर टूथपेस्ट विकण्याच्या निकडीतून लागणार असेल तर त्याबद्दल विद्वानांनी वाईट वाटून घेऊ नये. कारण ज्या परीक्षणात आपला पैसा गुंतलेला असतो ते परीक्षण माणूस मन लावून करतो.

यावर कोणी म्हणेल की पूर्वीच्या काळी कला अशी बाटलेली नव्हती. असे म्हणणाऱ्याने तमाशाच्या बोर्डासमोर एक रात्र काढलेली नसावी. लावणी ऐन भरात असताना फेटेवाला उठतो, नोट पुढे करतो, गाणे थांबते, आणि अमक्या गावच्या तमक्या पाटलांकडून इतक्या रुपयांची दौलतजादा असा पुकारा झाल्यावर लावणी जेथे थबकली होती तेथून पुन्हा सुरू होते. एवढे खरे की त्या पाटलाला लावणी थांबवण्याचे मोल स्वतःच्या खिशातून द्यावे लागे, आणि सर्वांसमोर उभे राहून द्यावे लागे. दूरचे कशाला, खुद्द दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात लागला तेव्हा नुसत्या चित्रपटावर लोक येतील असा भरवसा चालकांना नव्हता, म्हणून त्याच खेळात एका गौरांगनेचे नृत्य, एक प्रहसन आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्या अलेक्झांडर नामक कसरतपटूचे प्रयोग जोडलेले होते. चार रिळांच्या हरिश्चंद्राने सत्य राखले, पण अलेक्झांडरच्या पायांचा आधार त्यालाही लागला.

त्या चार रिळांपैकी आज पहिले आणि शेवटचे तेवढे शिल्लक आहे. आपल्या कायद्याने चित्रपटावरचा मालकी हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो आणि मग ते चित्र गावगन्ना होते. त्यामुळे हरिश्चंद्राची ही उरलीसुरली रिळे वाटेल त्याने आपल्या नावाची मोहोर कोपऱ्यात ठोकून इंटरनेटवर चढवावीत अशी स्थिती आहे, आणि चढवलीही आहेत. ज्या चित्रपटाचा मध्यच काळाने गिळला त्याच्याही मध्ये जाहिरात घालता येते, या शोधाचे श्रेय आमच्या शतकाला दिले पाहिजे. आणि त्या कथेत घडते काय? दक्षिणेची रक्कम पुरी करण्यासाठी राजा प्रथम बायकापोराला व मग स्वतःला काशीच्या बाजारात विकतो. भारतीय चित्रपटाचा पहिला नायक लिलावात उभा राहिला होता. तो समोर पाहणाऱ्यांनी त्या दिवशी रीतसर तिकीट काढले होते, म्हणून त्यांना त्याची कीव करण्याचा पूर्ण अधिकार होता. आज आपण त्याच राजाकडे समव्यवसायी म्हणून पाहतो. फरक काढायचाच तर असा की राजाला आपली किंमत ठाऊक होती.

या सर्व व्यवहारात प्रेक्षकाच्या हाती दिलेले एकमेव शस्त्र म्हणजे पाच सेकंदांनंतर उमटणारे 'स्किप'चे बटण. यूट्यूबने २०१० साली ही मुभा दिली तेव्हा तिच्यामागे एक करार होता, जो फार थोड्यांनी वाचला आहे: वगळण्याजोगी जाहिरात प्रेक्षकाने तीस सेकंद, किंवा ती त्याहून लहान असल्यास अखेरपर्यंत, पाहिली अगर तिच्यावर बोट टेकवले, तरच जाहिरातदाराकडून पैसे घ्यावयाचे. म्हणजे जो पाचव्या सेकंदाला वैतागून बटण दाबतो तो वस्तुतः त्या व्यापाऱ्याचा खर्च वाचवतो, आणि जो सौजन्याने ऐकून घेतो तो त्याला खड्ड्यात घालतो. आमच्या वाड्यातले अण्णा, कलेक्टर कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, यांना हा नियम त्यांच्या नातीने समजावून सांगितला, आणि तेव्हापासून त्यांची वर्तणूक एका निश्चित धोरणाने चालते. एका संध्याकाळी मी तेथे बसलो असताना अण्णांच्या फोनवर कुठल्याशा च्यवनप्राशाची जाहिरात सुरू झाली.

"आजोबा, स्किप करा ना," नात म्हणाली.

"थांब गं. गेल्या खेपेला यांचा डबा घेतला होता, वरचे झाकणच उघडेना. पूर्ण पाहणार."

"अहो, पण त्याने त्यांचे किती जाणार? काही पैसे!"

"काही पैसे का होईना, जाऊ देत," अण्णा म्हणाले, आणि फोन टेबलावर उभा करून, जाहिरात संपेपर्यंत त्यांनी वर्तमानपत्रातले कोडे सोडवले. पुढे दुसरी जाहिरात आली ती एका होतकरू पापड उद्योगाची होती. तेव्हा मात्र सहावा सेकंद उजाडण्यापूर्वीच त्यांनी बटण दाबले आणि, गरीब माणूस आहे बिचारा, असे उद्गार काढले. सरकारी खर्चाची तपासणी करण्यात ज्याची हयात गेली त्या माणसाच्या हाती इतका बारीक न्यायाधिकार निवृत्तीनंतर यावा, हा काव्यगत न्याय होय.

व्यापाऱ्याच्या पैशाची पुढची वाटणी अशी. यूट्यूबवर चित्रफीत चढवणाऱ्याला जाहिरातीच्या उत्पन्नातले शेकडा ५५ मिळतात आणि शेकडा ४५ धनी ठेवून घेतो. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले तेव्हा, शेकडा २५ आणि शेकडा १० मिळून ३५ ही केवढी मोठी मजल मारली असे साताऱ्याला वाटले होते; त्या वसुलीसाठी घोडी दमवावी लागत, पावसाळ्यापूर्वी परतावे लागे, आणि परमुलखातल्या बखरकारांनी केलेली निंदाही सोसावी लागे. येथे घोडे नाही, स्वारी नाही, रयत आपण होऊन रोज रात्री हजर होते, आणि वसुलीत मधल्या मधे दहा टक्क्यांची वाढही आहे.

सरकारनेही या पंक्तीत आपला पाट मांडून घेतला आहे. १ सप्टेंबर २०२३ पासून अमलात आलेल्या नियमाप्रमाणे, ज्या चित्रात कोणी विडीकाडी ओढतो त्याच्या आरंभी व मध्ये तंबाखूविरोधी इशारे इंटरनेटवरही दाखवावे लागतात. त्यामुळे जुन्या चित्रातला खलनायक चिरूट शिलगावतो तेव्हा त्याच्या दुष्टपणापेक्षा त्याच्या फुप्फुसांचीच काळजी वाटू लागते.

आमच्या समोरच्या बिऱ्हाडी राहणारे प्रोफेसर मात्र या साऱ्या प्रकाराकडे कालपरवापर्यंत उंचावरून पाहत असत. ते वर्गणी भरून पाहणाऱ्यांपैकी. आणि जिना चढताना अण्णांच्या खोलीतून केशतेलाचे संगीत कानी आले की, माणसाने आपल्या वेळेची काही किंमत ठेवावी, असे ते कोणाला उद्देशून नाही अशा रीतीने परंतु अण्णांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणत. २०२५ च्या जूनमध्ये प्राइम व्हिडिओने भारतातल्या वर्गणीदारांना जाहिराती दाखवण्यास आरंभ केला, आणि ज्यांना त्या नकोत त्यांनी वर्षाला आणखी ६९९ रुपये भरावेत अशी सोय केली. इतर ठिकाणीही स्वस्त वर्गणीसोबत जाहिराती येऊ लागल्या. प्रोफेसरांची वर्गणी कोणत्या घरी होती हे मी सांगत नाही. पण एका रात्री ते, पायांत चपलाही न घालता, हातात फोन घेऊन अण्णांच्या दारात उभे राहिले.

"अण्णासाहेब, हे पाहिलेत? अहो, मी पैसे भरतो!"

"या, बसा," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "वर्षाला किती भरता?"

प्रोफेसरांनी आकडा सांगितला. अण्णांनी तो मनात कोठेतरी नोंदवून घेतला.

"आणि जाहिरात कसली लागली होती?"

"गुडघ्याच्या तेलाची."

"लाल बाटली? म्हातारा जिना चढतो ती?"

"तीच."

"कमाल आहे," अण्णा म्हणाले. "ती आम्हांला फुकट दाखवतात."